बांधावरची निर्गुडी

बायकोनं गुडघा शेकायला तव्यावर निर्गुडीचा पाला टाकला, की त्या उग्र वासानं मला चितेगावचा बांध आठवतो. आमच्या आणि थोरल्या काकांच्या शेतामधला तो बांध दरवर्षी पाण्यानं खचायचा, म्हणून वडिलांनी त्यावर निर्गुडीच्या ओल्या फांद्या रांगेनं ठोकल्या. महिन्यानं काका उस्मानपुऱ्याहून आले आणि रांग बघून भडकलेच. "खुंट्या ठोकून हद्द सरकवतो व्हय रं?" म्हणत त्यांनी एक फांदी उपटली, तर बुडाला पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या. काका बघतच राहिले. मग काकांनीच ती परत खोचली आणि पायानं माती दाबली. पुढं कधी कुणी मोजणी मागितली नाही. ती निर्गुडी मात्र तिरकीच वाढली. आजचा पाला तिचाच आहे.