पाटेवाले चाचांची चार बोटं

मंगळवारी सकाळी पाटेवाले चाचा गेले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. भट्टीला हवा देणारा पंखा चालू होता. समोरच्या चहावाल्याने येऊन तो बंद केला. मी दहा वाजता पोचले. गाडी दुकानात होती, आदल्या दिवशी आम्ही जिथे सोडली होती तिथेच.

चाचा उंची बोटांनी मोजत. नंदुरबारहून अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. उसाच्या गाड्या आणि गुजरातकडे जाणारे ट्रक यांचे पाटे तिथे दुरुस्त होत. पाटा म्हणजे चाकावरची पोलादाची वाकवलेली पट्टी. अशा पट्ट्या एकीवर एक बांधतात आणि गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर येतं. वजनाने त्या बसल्या की चाचा त्यांना भट्टीत लाल करीत, घणाने पुन्हा कमान देत आणि तेलात बुडवीत. मग गाडीखाली बसवून, मडगार्डची कड आणि टायर यांच्या मध्ये उजवा हात आडवा घालीत. हात घासून आत गेला की काम झालं. माप विचारलं तर ते बोटं दाखवीत.

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या खळ्यात, कापसाच्या गोण्यांखाली एक जुनी गाडी पडून होती. दोनच जागा, टप नाही, लांब नाक आणि जमिनीपासून वीतभर वर. त्या घराच्या आजोबांनी तरुणपणी मुंबईहून ती आणली होती. त्यांचा नातू वडिलांच्या हाताखाली शिकून इंजिनिअर झाला, तेव्हा त्या घराने ती गाडी वडिलांना देऊन टाकली. वडिलांनी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्यावर काम केलं. ती चालू झाली, पण प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. म्हणून ते ती चाचांकडे घेऊन गेले. मी बरोबर होते.

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "ही गाडी शे का पाट?" असं विचारलं. मग दार उघडून म्हणाले, "बठा मझार."

वडील म्हणाले, "आधी मोजून तर घ्या."

"रिकामी गाडी खोटं बोलस, सर. बठा."

वडील उजवीकडे बसले, मी डावीकडे. माझ्या मांडीवर पुस्तक होतं. चाचा वाकले, त्यांनी ते पाहिलं. "पुस्तक बी येई का संगे?" मी हो म्हटलं. "रोज येस?" मी पुन्हा हो म्हटलं. "मंग ऱ्हाऊ दे. ते बी वजन शे." त्यांनी चारही चाकांशी हात घालून पाहिला, गाडी दोन पावलं मागे आणि दोन पावलं पुढे ढकलायला लावली आणि पुन्हा हात घातला. गाडी उचलून खाली ठेवली की पाटे लगेच आपल्या जागी येत नाहीत, म्हणून. तेव्हापासून त्यांनी मला कधी पुस्तकाशिवाय मोजलं नाही. विसरले असेन तर दुकानातलं जाडजूड रजिस्टर मांडीवर देत.

दर वर्षी गाडीचं माप पुन्हा तपासायला जाताना वडील स्टीलची पट्टी घेऊन जात. चाचांनी हात काढला की ते पट्टी लावीत आणि आकडा वहीत लिहीत. "चाचा, बोटाला मिलिमीटर नसतात," ते म्हणत. "पट्टीले घाम येत नही, सर," चाचा उत्तर देत. हे दोघांचं दर वर्षी ठरलेलं होतं. एकदा वडिलांनी चाचांच्या चार बोटांचीच रुंदी पट्टीने मोजली आणि गंभीरपणे सांगितलं की हिवाळ्यात ती एक मिलिमीटर कमी भरते. चाचा म्हणाले, "मंग हिवाळामा गाडी एक मिलिमीटर खाले. थंडीमा सगळंच आखडस." वडील इतके हसले की त्यांना गाडीतून उतरावं लागलं आणि सगळं माप पुन्हा घ्यावं लागलं.

पाटे ज्या बोल्टांवर टांगलेले असतात तिथे आत रबर असतं. त्याला बुश म्हणतात. चाचा ते बोल्ट शेवटी आवळीत, आणि गाडी जमिनीवर असताना, माणसं आत बसलेली असताना. ते स्वतः पाना घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरत. इतर ठिकाणी गाडी जॅकवर असतानाच आवळून टाकतात, काम लवकर होतं. चाचांना ते चालत नसे. हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलं जातं आणि मग पिळलेलंच राहतं, असं ते सांगत. खड्ड्यातून त्यांचा आवाज यायचा, "हालू नका. श्वास घ्या, पन हालू नका."

मी शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चाचा कामासाठी शहाद्याला आले होते तेव्हा एकदा तिथे डोकावले. टेबलासमोर बसून चहा घेतला. पुस्तकांकडे त्यांनी पाहिलं नाही, फळ्यांकडे पाहिलं. शब्दकोशांची फळी मध्यभागी वाकली होती. "ही उलटी कर, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "वाकेल बाजू वर घे. जे वाकाडस तेच सरळ करी." मी शिपायाला सांगून फळी उलटी करून घेतली. पाचसहा महिन्यांत ती सरळ झाली. ती अजून सरळ आहे.

एका वर्षी दिवाळीनंतर गाडी उजव्या बाजूने वर आली. चाचांनी हात घातला तेव्हा बोटांच्या वर जागा उरली, नखभर. वडिलांच्या पट्टीवर चार मिलिमीटर भरले. वडिलांना फार आनंद झाला. चार मिलिमीटर बोटांना कळले म्हणून त्यांनी चाचांचं अभिनंदन केलं. चाचा हसले नाहीत. "पाटा बसस, सर. पाटा उठत नही," ते म्हणाले. वजनाने पोलाद खाली बसतं, आपण होऊन वर येत नाही. तेव्हा आपणच मागच्या वेळी कमान जास्त दिली असणार, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी उजवीकडचा पाट्यांचा जुडगा खोलला आणि त्यातला सर्वात छोटा पाटा काढून टाकला. गाडी खाली आली. चार बोटं नीट बसली.

दोन महिन्यांनी गाडी पुन्हा वर आली. चाचांनी राहिलेल्या पाट्यांची कमान उतरवली. आणखी महिन्याने पुन्हा तेच. त्या दिवशी ते बराच वेळ खड्ड्यात होते. बाहेर येताना आधारासाठी त्यांनी गाडीत बसलेल्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी काढला नाही. सदऱ्यावरून खांदा चाचपला, मग दंड.

"सर, तुम्ही कितला उतरी गयात?"

वडील म्हणाले, "वय झालं, चाचा. जेवण कमी झालंय."

चाचा माझ्याकडे बघत होते. आठवड्याने आम्ही सुरतला गेलो. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी विचारलं की वजन कधीपासून कमी होतंय. वडिलांनी वही काढली आणि तारखा सांगितल्या. डॉक्टर म्हणाले, तेव्हा यायला हवं होतं. पावसाळा संपताना वडील गेले.

तेराव्यानंतर चाचा घरी आले. खुर्चीवर बसले नाहीत, ओट्यावर बसले. "मी पाटा देखा," ते म्हणाले. "माणूस नही देखा." तेव्हा मी कोणाशीच फारसं बोलत नव्हते. ते पाणी पिऊन गेले.

काढलेला तो छोटा पाटा त्यांनी दुकानात भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवला होता, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. त्या मापाचं लोखंड कोणी मागितलं तर ते नाही म्हणत. दर वर्षी दिवाळीनंतर ते निरोप पाठवीत: गाडी घेऊन ये, पाटा परत घालायचा आहे, तुझ्या वजनावर लावून देतो. मी जात नव्हते. गाडी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उजवीकडून वर आलेली उभी होती. ती वडिलांच्या वजनावर लावलेली होती आणि मला ते तसंच राहायला हवं होतं. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "कोनता वजनवर, पोरी? ते त बिमारीनं वजन शे." मी त्यावर विचार केला नाही. तेव्हा मी कशावरच विचार करत नव्हते.

या उन्हाळ्यात ते पुन्हा लोणखेड्याला आले. या वेळी फक्त माझ्याकडे. जिना चढून त्यांना धाप लागली होती. दम परत आल्यावर त्यांनी उजवा हात टेबलावर आडवा धरला. चारही बोटं थरथरत होती. "हाई माप आते थोडाच दिन शे," ते म्हणाले. "मंग कोन मोजी?"

सोमवारी दुपारी मी गाडी नेली. म्हणजे चौघांनी ढकलत नेली, इतकी वर्षं ती बंदच होती. चाचांनी खिळ्यावरचा पाटा काढला, फडकं सोडलं आणि तो तापवून त्याची कमान थोडी कमी केली, कारण माझं वजन वडिलांच्या आजारापूर्वीच्या वजनापेक्षा कमी. घण दुसऱ्याने मारला. कुठे मारायचा ते चाचा हातातल्या छोट्या हातोडीने दाखवत होते. पाटा जुडग्यात परत गेला. मग त्यांनी दार उघडलं. उजवीकडचं.

मी पहिल्यांदा त्या बाजूला बसले. पर्समधून पुस्तक काढून मांडीवर ठेवलं. त्यांनी मान हलवली.

"डावीकडे?" मी विचारलं. "तिथे कोणी नाही."

"नही ते मोजानं नही," ते म्हणाले.

गाडी मागेपुढे ढकलली. त्यांनी हात घातला. थरथरणारा हात आत गेल्यावर स्थिर झाला, दोन्ही बाजूंनी धरला गेल्यामुळे. चार बोटं भरली. त्यांनी हात लगेच काढला नाही. ते उकिडवे बसलेले होते, त्यामुळे मला फक्त त्यांची टोपी दिसत होती. मी म्हटलं, "चाचा, मी रोज त्यांच्या समोर जेवायला बसत होते. रोज. मलाही दिसलं नाही."

मग ते म्हणाले, "मंग दोन्हीस्नी चूक शे."

"हो," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी हात काढला.

बुशचे बोल्ट त्यांनी हातानेच फिरवून ठेवले. पाना लावला नाही. खड्ड्यात उतरायला आज जमणार नाही, म्हणाले. "रातभर बसू दे गाडीले. सकाय ये, मझार बठ. आवळी देसू." मी उद्या दहाला येते म्हटलं. "पुस्तक लई ये," ते म्हणाले. "हाईच. दुसरं नको."

मंगळवारी मी तेच पुस्तक घेऊन गेले होते.

दफन झाल्यावर शेजारच्या गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं. "मॅडम, चारच बोल्ट राहिलेत. जॅकवर घेतो, दहा मिनिटांत आवळून देतो." मी नको म्हटलं. चौघांनी गाडी हळूहळू ढकलत घरी आणून दिली.

ती शेडमध्ये आहे. चाचांच्या मुलाने त्यांचा पाना मला आणून दिला, तो वडिलांच्या पट्टीशेजारी ठेवला आहे. बोल्ट अजून हातानेच लावलेले आहेत. ते आवळायला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक आत बसलेलं. आत बसायला मी आहे.