ओल्या तळपायांवरचा हात

माझ्या तळपायांना लहानपणापासून घाम यायचा. उन्हाळा असो की हिवाळा, फरशीवर ओली पावलं उमटायची, चप्पल सटकायची. ते मी अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, वर्षभराच्या लेकीला कडेवर घेऊन उतरताना मी घसरले. तिला खरचटलंही नाही, माझं कोपर फुटलं. तेव्हा ऑपरेशनला तयार झाले.

डॉक्टर म्हणाले, पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने मणक्याजवळची, पायांच्या घामाची नस कापायची. माझ्या मनात मात्र 'मणका' एवढाच शब्द उरला. पायच गेले तर? लेकीमागे कोण धावणार? रवळनाथ आमच्या कोकणातल्या गावाचं ग्रामदैवत. पण त्याचं नाव घेतानाही वाटायचं, लोक जिवावरची दुखणी घेऊन त्याच्यापुढे उभे राहतात, मी घाम घेऊन कशी जाऊ?

ऑपरेशनच्या सकाळी माझा नवरा औषधं आणायला खाली गेला होता. मी गाऊन घालून खाटेवर बसले होते. तळव्यांखालची चादर भिजली होती. उठावं आणि घर गाठावं, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात शेजारच्या पेशंटची बहीण, साठीच्या एक काकी, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझे पाय सरळ हातात घेतले. ओळख ना पाळख. आईनंतर या तळव्यांना मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"काकी, नको, घाम आहे," मी पाय ओढू लागले.

"असांदे. माझे हात पण ओलेच आसत, आताच धुवन इलंय," त्या म्हणाल्या. "भिया नको बाय. रवळनाथाक सांग, पाय तुझे, तूच सांभाळ."

कोकणात रवळनाथाची देवळं गावोगाव आहेत, त्यांच्या तोंडी ते नाव येण्यात नवल नाही, हे मला कळतं. तरी मला रडू फुटलं. स्ट्रेचर येईपर्यंत त्यांनी पाय सोडले नाहीत. भूल देतानाही माझे दात वाजत होते. मनात मात्र तेवढंच चालू होतं, पाय तुझे.

शुद्धीवर आल्यावर आधी बोटं हलवून पाहिली. हलली. नवऱ्याने तळव्याला हात लावला आणि हळूच म्हणाला, "अगं, कोरडे आहेत."

काकी तोवर बहिणीला घेऊन घरी गेल्या होत्या. त्यांचं नावही मला ठाऊक नाही. आता पाठीला घाम जास्त येतो, डॉक्टरांनी तशी कल्पना दिलीच होती. त्याची तक्रार नाही. पूर्वी वाटायचं, भीती संपली की मगच शरण जाता येतं. मी तर भीत भीतच गेले. रवळनाथाने तेवढंही गोड मानून घेतलं.