रडारवर भोकरदन तालुका दिसेना

“इथं काळं आहे ना? मग इथूनच घ्या की,” असं म्हणून आमच्या मालकांनी रडारच्या पडद्यावर बोट टेकवलं. बोटाला वेफर्सचं तेल होतं. पडद्यावर ठसा उमटला.

मुंबईहून निघून आम्ही बारा हजार फुटांवर होतो. औरंगाबाद नुकतंच उजव्या हाताला मागे पडलं होतं. जालन्याची धावपट्टी दहा-बारा मिनिटांवर होती आणि वाटेत आडवा पसरलेला परतीच्या पावसाचा ढग होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका छोट्या चार्टर कंपनीत कॅप्टन होतो. विमान दोन इंजिनांचं, पंख्यांचं. मागच्या सीटवर जालन्याचे एक बियाणेवाले शेठ बसले होते. त्यांच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन तीन वाजता होतं. मंत्री यायचे होते.

मालक आमच्याबरोबर आले होते ते रडार दाखवायला. आधीचं रडार हिरव्या एकरंगी पडद्याचं होतं. महिन्याभरापूर्वी त्यांनी नवं रंगीत बसवून घेतलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला ते असे दाखवत, जणू रडार विमानाला बसवलेलं नसून विमानच रडारला बसवलेलं आहे. त्यांनी स्वतः आयुष्यात विमान कधी चालवलं नव्हतं. रडारबद्दलची त्यांची सगळी विद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून आलेली, आणि त्यातही त्यांनी फोटोच पाहिले असावेत.

त्यांचं गणित सोपं होतं. हिरवं म्हणजे हलका पाऊस, पिवळं म्हणजे बरा, लाल म्हणजे जोराचा. काळं म्हणजे काही नाही, मोकळं आकाश. समोर एक लाल पट्टा होता. त्याच्या डाव्या टोकाला हिरवी कड होती आणि पट्ट्यामागे छान काळं होतं. मालकांना त्या काळ्यात जायचं होतं.

रडार काय करतं ते थोडक्यात सांगतो. विमानाच्या नाकात, फायबरच्या टोपीआड एक थाळी डावी-उजवीकडे फिरत असते. ती लहरी पुढे फेकते. लहरी पाण्याच्या थेंबांवर आपटून परत येतात. जितकं पाणी जास्त, तितका परतावा जोराचा. पण पुढ्यातला पाऊस फारच दाट असला, तर लहरींची ताकद त्यातच संपते. पलीकडे काय आहे ते सांगायला काही परतच येत नाही. मग पडदा तिथे काळा राहतो, त्याला आम्ही सावली म्हणतो. मोकळं आकाशही काळं आणि न दिसणारा ढगही काळाच.

“सर, ती सावली असू शकते,” मी म्हणालो.

“सावली? वरती सावली कशाची?”

माझा को-पायलट थॉमस वायुदलातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस होता. त्याने न सांगता टिल्टचं बटण फिरवलं. टिल्ट म्हणजे ती थाळी वर-खाली वाकवणं. थाळी खाली वाकवली की लहरी जमिनीवर आपटतात आणि पडद्यावर जमीन दिसू लागते. तशी ती दिसू लागली. उजवीकडे जमीन होती, डावीकडे लांबवर जमीन होती. त्या लाल पट्ट्याच्या मागे मात्र काहीच नव्हतं.

“बघा सर,” मी म्हणालो. “तिथे जमीनसुद्धा दिसत नाही. म्हणजे लहरी तिथवर पोचतच नाहीयेत.”

“म्हणजे तर अगदीच क्लिअर!” मालक म्हणाले.

मालकांच्या मते तिथे आकाश स्वच्छ होतं. रडारच्या मते तिथे भोकरदन तालुकाच नव्हता. माझं गाव केदारखेडा त्याच तालुक्यात आहे. पोळ्याला जाऊन आलो तेव्हा जागेवर होतं.

मागून शेठ ओरडले, “कॅप्टनसाब, काय म्हणून राह्यला तुमचा टीव्ही? बराबर तीनला पोचलं पायजे बरं! मंत्री काय थांबत न्हाई.”

“पोचणार, शेठजी!” मालकांनी माझ्या वतीने कबूल करून टाकलं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “एवढं रडार घेऊन दिलं तरी तुम्हाला भीतीच वाटत असेल, तर मला दुसरा कॅप्टन बघावा लागेल.”

इथे माझी चूक झाली. सरळ नाही म्हणून औरंगाबादला वळायला हवं होतं. मी म्हणालो, “थोडं पुढे जाऊन बघतो. हिरव्या कडेकडेने.” थॉमसने माझ्याकडे पाहिलं आणि सीटचा पट्टा घट्ट केला.

मी मालकांना म्हणालो, “सर, जागेवर जाऊन बसा.” ते हसले. उभेच राहिले.

रडारला पाणी आवडतं. कोरडी गार त्याला फारशी दिसत नाही, आणि मोठ्या ढगाच्या बाजूने गारा बऱ्याच लांब फेकल्या जातात. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. आम्ही हिरव्यात शिरलो आणि पाऊस आलाच नाही. आधी एकच टक्क असा आवाज झाला. मग पत्र्यावर कुणी पोतंभर खडी ओतावी तसा. समोरच्या काचेला माझ्या बाजूने एक आडवी चीर गेली. विमान खाली आदळलं, पुन्हा वर उचललं गेलं. मालकांचं डोकं छताला लागलं आणि ते दोन सीटांच्या मधे बसकण मारून राहिले. शेठ मोठ्याने देवाचं नाव घेत होते.

तेवढ्यात विमानाच्या नाकाची टोपी फुटली आणि थाळी जाम झाली. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा झाला. मालकांच्या हिशेबाने चहूकडे लख्ख ऊन पडलं होतं.

“बॅक,” थॉमस एवढंच म्हणाला. मी हळूहळू वळवलं. ढगात जोरात वळवलं तर विमान हातचं जातं. ती दोन-तीन मिनिटं मला आजही मोजून सांगता येत नाहीत. मग पश्चिमेकडे पिवळट उजेड दिसला. औरंगाबादला उतरलो तेव्हा पंखांच्या कडा चेपलेल्या भाकरीसारख्या दिसत होत्या.

शेठ खाली उतरले, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि माझा हात धरला. “कॅप्टनसाब, उद्घाटन गेलं खड्ड्यात. माणसं वाचली, बिलकुल ठीक झालं.” मग मालकांकडे वळून म्हणाले, “तुमी मात्र मुंबईलाच बसत जा.” ते जीपने जालन्याला गेले. मंडप उडालेला होता. मंत्री आलेच नव्हते. ते आधीच औरंगाबादच्या रेस्ट हाउसवर आडवे झाले होते.

मी औरंगाबादहून गावच्या ग्रामपंचायतीत फोन लावला आणि चुलतभावाला बोलावून घेतलं. “दादा, लिंबाएवढाल्या गारा पडल्या,” तो म्हणाला. “कापूस फुटायला आल्ता, आता निस्त्या काड्या राह्यल्या. दोन बकऱ्या गेल्या. माणसं बरी हायेत.” जिथून घ्या म्हणून मालक बोट ठेवत होते, ती बरोबर हीच जागा.

आठवड्याने मालकांनी ऑफिसात बोलावलं. कपाळावर पट्टी होती. समोर टाइप केलेला रिपोर्ट होता. ‘रडारमध्ये अचानक बिघाड झाल्याने विमान ढगात शिरले.’

“सही करा,” ते म्हणाले.

“रडार बिघडलं ते शिरल्यानंतर, सर. शिरेपर्यंत ते ठीक चालू होतं.”

“मग चूक कोणाची लिहायची?”

मी तो रिपोर्ट बाजूला सारला. मीच हाताने लिहिलं, की रडार व्यवस्थित होतं, सावली ओळखली होती, तरीही मालकांच्या आग्रहावरून पुढे गेलो आणि तो निर्णय कॅप्टन म्हणून माझा होता. त्यांनी ‘मालकांच्या आग्रहावरून’ हे दोन शब्द गाळायला सांगितले. दोन दिवस मी गाळले नाहीत. तिसऱ्या दिवशी थॉमसने स्वतःचं वेगळं निवेदन थेट तपास अधिकाऱ्याकडे दिलं. त्यात ते शब्द होते, शिवाय मालकांची वाक्यंही होती, अवतरणचिन्हांसकट. कमी बोलणारी माणसं ऐकतात फार.

मला तीन महिने घरी बसवलं आणि पुन्हा परीक्षा द्यायला लावली. ते योग्यच होतं. कंपनीला ताकीद मिळाली. मालकांनी ती फाइलला लावली आणि कॉकपिटच्या दारावर सूचना चिकटवली, ‘प्रवाशांनी आत येऊ नये.’ खाली स्वतःची सही.

त्यानंतर मी अकरा वर्षं विमान चालवलं. रडारवर विश्वास ठेवला, पण ते काय सांगत नाही याची चौकशी आधी केली. आणि वरचा कुणी घाई करू लागला की ‘थोडं पुढे जाऊन बघतो’ हे वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही. ढगाच्या बाहेर असताना नाही म्हणायला दोन सेकंद लागतात. आत गेल्यावर म्हणायला कुणाला वेळ नसतो.