दोन वर्षं मी सिस्टर होते

बारावीनंतर मी बुलडाण्याजवळच्या धाड गावात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला लागले. नंबर लावायचे, केसपेपरवर नाव-वय लिहायचं, फोन उचलायचा, एवढंच काम. माझी बारावी कला शाखेची. डॉक्टरांनी मार्कशीट स्वतः पाहून मला ठेवलं होतं, म्हणजे त्यांना काही माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गुलाबी एप्रन आणून दिला. म्हणाले, "हा घालून बसत जा. दवाखाना दवाखान्यासारखा दिसला पाह्यजे." मी घातला. खोटं कशाला सांगू, आरशात पाहून बरंही वाटलं. त्या दिवसापासून लोक मला सिस्टर म्हणायला लागले.

पहिले काही दिवस मी सांगायचे, "मावशी, मी सिस्टर नाही, फक्त नंबर लावते." डॉक्टरांनी ते ऐकलं आणि आत बोलावलं.

"काऊन सांगत बसते लोकायले?"

"सर, पण मी नाही ना..."

"म्हणतात तर म्हणू दे. तुझं काय जाते? मान भेटून राह्यला, तो घे."

मी सांगणं सोडलं. मग हळूहळू त्यांनी बीपीच्या मशीनचं बटण दाबायला शिकवलं. बाया डॉक्टरांना सांगायला लाजायच्या ते माझ्या कानाशी येऊन सांगायच्या. पाळी थांबली, अंगावरून पांढरं जाते, सासू मारते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मान डोलवायचे. बाहेर पडताना त्यांचा चेहरा हलका झालेला असायचा, कारण त्यांना वाटायचं आपण नर्सला सांगितलं. आज हे आठवलं की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. अशाच एका दिवशी जवळच्या खेड्यातली एक म्हातारी सुनेसोबत आली. लघवीला जळजळ होत होती. तिनं पदराच्या गाठीतून घडी पडलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"सिस्टरबाई, मांगच्या खेपेले एका गोळीनं माह्यं तोंड सुजलं होतं. ते गोळी मले देऊ नोको म्हणून त्या डॉक्टरनं लिहून देलं हाये. पाह्य बरं."

मी कागद उघडला. त्यावर इंग्रजीत गोळीचं नाव होतं आणि खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मला ते अक्षर लागलं नाही. जुने कागद आत पाठवायचे नाहीत, वेळ जातो, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. मागे तीस माणसं उभी होती. मी कागदाची घडी केली आणि तिच्या हातात देत म्हणाले, "ठेवा आजी."

आत गेल्यावर म्हातारीनं पुन्हा सांगितलं नाही. कशाला सांगेल? सिस्टरनं कागद पाहिला होता. डॉक्टरांनीही विचारलं नाही. दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा दवाखान्यात शिरला. आदल्या दिवशी आईचे ओठ, डोळे सुजले, श्वास लागला, जीपमध्ये टाकून तिला बुलडाण्याला नेलं होतं. जीव वाचला होता. तो कागद हातात नाचवत ओरडत होता, "तुमच्या सिस्टरले दाखवला होता हा कागद! माह्या मायनं सिस्टरले सांगतलं होतं!"

डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. माझ्याकडे न पाहता, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोण सिस्टर? ही? ही नंबर लावणारी पोरगी आहे. आर्टवाली. हिले काय समजते? पेशंटनं मले सांगायचं होतं."

दोन वर्षं जे मला तोंडातून काढू दिलं नव्हतं, ते ह्या माणसानं एका क्षणात स्वतः सांगून टाकलं. म्हातारीचं तोंड सुजलं तर चूक म्हातारीची आणि माझी. मी एप्रन काढून टेबलावर फेकला.

"दोन वर्षं तुम्हीच सांगू दिलं नाही, सर. आज बरं आठवलं तुम्हाला!"

"नाटकं करू नको. घरी जा."

"जातेच." मग मी बाकांकडे वळले. "मी कधीच नर्स नव्हते. तुम्ही मला जे जे सांगितलं असेल, ते ह्यांना पुन्हा सांगा."

दोन-तीन बायांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला डॉक्टरांच्या शब्दांपेक्षा जास्त लागली.

आठवड्यानं मी म्हातारीच्या घरी गेले. ती ओसरीवर तूर पाखडत होती. मी माफी मागितली. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुले वाचता येत नोव्हतं तं सांगाचं होतं, माय. मी आत जाऊन पुन्हा सांगतलं असतं. माह्यं काय तोंड दुखत होतं का?"

तिनं चहा केला, पण माफ केलं असं म्हणाली नाही. मीही पुन्हा माफी मागितली नाही.

आता मी बुलडाण्यात एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. गेल्या वर्षी बाबांना घेऊन चिखलीच्या एका दवाखान्यात गेले. टेबलाशी एप्रन घातलेली पोरगी बसली होती. बाबा तिला म्हणाले, "सिस्टर, मले शुगर हाये बरं."

मी फटकन विचारलं, "तुझं नर्सिंग झालं आहे का?"

तिचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "नाही ताई. बीएले आहे मी. सर सांगू देत नाही."

मी तिच्यावर तुटून पडणार होते, ते तोंडातच राहिलं. तशीच केबिनमध्ये शिरले आणि तिथल्या डॉक्टरांना विचारलं, बाहेर बसली आहे ती कोण, आणि लोकांना ती कोण वाटते? ते म्हणाले, "तुम्हाला तपासायचं आहे का भांडायचं?"

"दोन्ही," मी म्हणाले.

त्यांनी तपासलं नाही. आम्ही दुसरीकडे गेलो. बाबा स्टँडपर्यंत बडबडत होते, "तुले जिथं तिथं भांडाची सवय लागली, पोरी."

लागली आहे. ती मोडायचा माझा विचार नाही.