साडूंचं चिबड

जगात हेवा करण्याजोगी माणसं पुष्कळ असतील, पण मी आयुष्यभर मन लावून हेवा केला तो एकाच माणसाचा, आणि तो नेमका माझा साडू निघाला.

साडू पुसेगावकडचे शेतकरी. सकाळचा चहा झाला की ते शेताकडे न जाता ओढ्यावर जात आणि काठावर पालथे पडत. त्यामुळे त्यांचा प्रत्येक सदरा पोटावर चिखलाच्या रंगाचा. पाण्यातला दगड हलकेच उलटायचा, खालचे पाणकिडे, झिंगे, खेकड्याची पिल्लं पाहायची आणि दगड होता तसा ठेवायचा. "कुनाचं घर उघडं टाकून जाऊ न्हाई," म्हणायचे. एकदा एका लग्नात, ऐन पंगतीत, त्यांच्या रुमालातून खेकडा निघाला. त्यांच्या जागी मी असतो तर सासूबाईंनी मला मांडवाबाहेर काढलं असतं. यांच्या पोळीवर मात्र हसत हसत आणखी तूप ओतलं. मी हिंगोलीत कापडाचं दुकान चालवतो, कडक इस्त्रीत वावरतो, पण माझी बायकोसुद्धा उठताबसता "आमचे दाजी, आमचे दाजी" करते.

ओढ्याच्या वर शेजारच्या एका जमीनदाराचं चिबड, म्हणजे पाणथळ रान, होतं. लव्हाळी आणि पाणकणसं वर्षानुवर्षं कुजून तिथली माती काळी, भुसभुशीत झालेली. पाय ठेवला की पाणी वर यायचं. पावसाचं पाणी ती पिऊन ठेवायची आणि उन्हाळाभर ओढ्याला थोडं थोडं सोडायची. जमीनदाराने तिथं खोल चर खणून पाणी काढून दिलं आणि ती माती ट्रॉल्या भरभरून रोपवाटिकांना विकायला काढली. त्या पावसाळ्यात ओढा काळाकुट्ट होऊन धावला. गाळाने दगड बुजले, दगडाखालचे किडे मेले, त्यांच्यावर जगणारे झिंगे गेले, खंड्या पक्षी यायचा थांबला. थंडी सरताच ओढा कोरडा पडला. साडूंनी जेवण टाकलं. खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं.

मग चर बुजवा म्हणून ते जमीनदाराच्या ओसरीवर जाऊन बसले.

"माती सोडली तर त्या चिबडात हाय तरी काय? बेडकं अन् डास!" जमीनदार म्हणाला.

"मंग मला द्या. बदल्यात माझं हळदीचं रान घ्या."

सगळा गाव हसला. आता मेव्हणी भांडणार म्हणून मी मुद्दाम बायकोला घेऊन पुसेगाव गाठलं. मेव्हणी शांतपणे भाकरी थापत होती. "हळद काय, दुसऱ्याचं रान बटईनं करून बी व्हईल," ती म्हणाली, "पन हे असे सुकून राहिले, ते मला बघवंना." मला दुकानातला जुना पंखासुद्धा बायकोच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. मी जळून खाक झालो.

अदलाबदल झाली. साडूंनी दगडमातीने चर बुजवायला घेतला. मी गंमत पाहायला गेलो होतो. "साडूभाऊ, हा दगड धरा बराबर," म्हणाले, आणि मी संध्याकाळी हाताला फोड घेऊन परतलो.

दोन पावसाळे गेले. चिबड पुन्हा ओलं राहू लागलं, पण उकरून नेलेली माती काही परत आली नाही. ओढा पूर्वीइतका वाहत नाही. तरी उन्हाळ्यात डोहात पाणी टिकतं. पाणकिडे आले, खेकडे आले. झिंगे नाही आले.

परवा गेलो तेव्हा ते तसेच पालथे पडले होते. केस पिकलेत आता, उठताना काठाला हात टेकावा लागतो.

"काहून रोज बघता? झिंगे यायचे असते तर आले नसते का?" मी विचारलं.

"येतील की. वाट धुंडून राहिले असतील," ते म्हणाले आणि पुन्हा पाण्यात पाहू लागले.

मी शेजारी बसून राहिलो. मी कुठं निघून गेलो, तर माझी अशी वाट कोण पाहील, असं मनात आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला साडूंचा नाही, त्या झिंग्यांचा हेवा वाटला.