जांगड आणलेला नीलम

माझं लग्न जमत नव्हतं आणि त्याचं वाईट माझ्याखेरीज सगळ्या चाळीला वाटत होतं. मी गिरगावातल्या एका शाळेत शिकवत होते, तिशी जवळ आली होती. स्थळं यायची, पोहे खायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. शेवटी आईने माझी पत्रिका प्रभादेवीच्या एका ज्योतिषाकडे नेली. त्याने सांगितलं, शनी आडवा आलाय, मुलीला नीलम घाला. लाभला तर लगेच स्थळ येईल.

शनीचं मला काही वाटलं नाही. नीलमाचं मात्र वाटलं. शाळेच्या एका समारंभात पाहुण्या बाईंच्या बोटात एकदा नीलम पाहिला होता आणि त्यांच्या भाषणातला एक शब्दही माझ्या कानात शिरला नव्हता. त्यामुळे एरवी ज्योतिषावरून आईशी भांडणारी मी या वेळी निमूटपणे तिच्याबरोबर निघाले.

खड्यांचा व्यापारी गिरगावातच एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसायचा. डोक्यावर दिवा होता, पण त्याने तो लावला नाही. "दिव्याखाली नीलम बघायचा नाही, काळा दिसतो," म्हणाला आणि आम्हाला खिडकीशी बसवून त्याने कागदाच्या पुड्या उघडल्या.

आईची खरी अडचण मला तिथे कळली. नीलम म्हणजे फार तापट, असं तिने ऐकलं होतं. जितका उंची, तितका त्याचा तडाखा मोठा. म्हणून तिला बेताचा नीलम हवा होता. व्यापारी चांगला खडा पुढे सरकवायचा, ती तो मागे सारायची आणि ढिगातला फिकटातला फिकट उचलायची.

"हा कसा सौम्य दिसतोय," ती म्हणाली.

"वहिनी, हा सौम्य नाही, निव्वळ कच्चा आहे," व्यापारी म्हणाला.

त्याने त्या दिवशीचं वर्तमानपत्र पुढ्यात ओढलं. पहिलं पान चळवळीच्या बातम्यांनी भरलेलं होतं. मोठ्या अक्षरांतल्या 'मुंबई'वर त्याने आईचा सौम्य खडा ठेवला. खड्याच्या मधून खालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. "मधे रंगच नाही. वजन राखायच्या नादात पैलू चुकवलेत," तो म्हणाला. मग दुसरा ठेवला, अगदी लहान. अक्षर नाहीसं झालं. मी तो खडा उचलून कसाही फिरवला तरी निळाच होता, कडेपर्यंत, कुठे काळपट नाही की दुधाळ नाही. एका बाजूला केसाएवढी रेघ होती, ती व्यापाऱ्यानेच दाखवली. त्याने ती लपवली नाही, हे मला आवडलं.

"मला हाच हवा," मी म्हणाले. मी भर रस्त्यात नवरा निवडावा तसं आईने माझ्याकडे पाहिलं.

नीलम कोणी पाहिल्याबरोबर विकत घेत नाही. तो जांगड आणतात, म्हणजे पैसे न देता, पसंत पडला तर ठेवू या बोलीवर. निळ्या फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायचा, रात्री उशाशी घ्यायचा आणि घरात काय होतं ते बघायचं. वाईट घडलं तर परत द्यायचा. आमची चार दिवसांची बोली होती.

घरात काय होतं ते बघायला सगळी चाळ डोळ्यांत तेल घालून बसली. स्टोव्हची पिन मोडली, नीलमामुळे. शेजारच्या काकूंचा पाय मुरगळला, तोही नीलमामुळे. तळमजल्याच्या नळाला भर दुपारी पाणी आलं, त्याचं श्रेय मात्र त्या बिचाऱ्याला कोणी दिलं नाही.

तेवढ्यात हरताळ पडला. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस, कधी काय बंद होईल ते सांगता यायचं नाही. व्यापाऱ्याच्या जिन्याला कुलूप लागलं, माझी शाळाही बंद झाली आणि चार दिवसांचा खडा घरीच राहिला. रोज सकाळी मी गॅलरीत उभी राहून फडकं सोडायची. उन्हं चढेपर्यंत रंग कसा बदलतो ते बघत बसायची आणि आईची हाक आली की गाठ मारायची. मी त्या रंगाच्या प्रेमात पडले होते. याला माझ्यापाशी दुसरा शब्द नाही.

हरताळ उठता उठता माटुंग्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत, घरचं बरं. आईने देवापुढे साखर ठेवली. "बघ, लाभला की नाही!" पाहायला आले त्या दिवशी मुलाच्या आईने पोहे संपवले, मला एक गाणं म्हणायला लावलं आणि म्हणाली, "नोकरी तेवढी सोडावी लागेल हं. आमच्याकडे सुना बाहेर जात नाहीत."

"सोडेल की," आई म्हणाली.

"नाही सोडणार," मी म्हणाले.

एवढंच बोलले. उरलेला चहा मग सगळ्यांनी फार हळू प्यायला.

ते गेल्यावर आई आधी रडली, मग भडकली. सकाळी लाभलेला नीलम संध्याकाळपर्यंत बाधलाही होता. "उद्याच्या उद्या परत करून ये तो," तिने सांगितलं. वडील परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते, घरात फारसं बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पुडी स्वतःच्या खिशात घालून माझ्याबरोबर निघाले.

"बाबा, मला तो परत करायचा नाहीये. मी माझ्या पगारातून घेईन," मी रस्त्यात म्हणाले.

"आई म्हणते लाभला नाही."

"मला आवडलाय, बाबा."

ते चालत राहिले. मी खडा नक्की परत करते की नाही हे बघायलाच आई त्यांना धाडतेय, असं मला वाटलं आणि मी मनातून धुमसत जिना चढले.

परत येणाऱ्या नीलमांची व्यापाऱ्याला सवय होती. काही न विचारता त्याने हात पुढे केला. वडिलांनी पुडी दिली नाही. ती उघडून ते खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि खडा बराच वेळ पाहिला.

"अंगठी कराल का याची?" त्यांनी विचारलं.

मी चटकन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"म्हणजे लाभला!" व्यापारी खूश झाला. "मधल्या बोटाचं माप द्या. मागून उघडी ठेवतो, खडा अंगाला लागायला हवा. त्याशिवाय ग्रहाला पोचत नाही."

"मधल्या बोटात नको, खडू धरताना अडेल," मी म्हणाले. "करंगळीशेजारच्या."

"आणि मागून बंदच करा," वडील म्हणाले. "खडूची पूड आत जाऊन बसेल."

"अहो, बंद केली तर काही उपयोग नाही हो त्याचा!"

"चालेल. तिला अजून पुष्कळ वर्षं शिकवायचंय."

आम्ही जिना उतरलो. कोपऱ्यावर वडिलांनी आईसाठी वेणी घेतली.

अंगठी घरी आली तेव्हा आईने ती उलटी करून पाहिली. मागे सोन्याचा सपाट पत्रा होता. तिला अर्थ सांगावा लागला नाही. अंगठी माझ्या हातावर ठेवून ती स्वयंपाकाला लागली. माझं लग्न जमावं म्हणून आई कित्येक वर्षं शनिवार धरत होती. त्या दिवशी वडील आणि मी जेवायला बसलो की ती नुसती वाढायची. त्या शनिवारी तिने स्वतःचंही पान मांडलं, आमटीभात कालवला आणि "मीठ सरकव गं इकडे" म्हणाली. मला हवं ते मिळालं होतं, तरी मीठ सरकवताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.