नाक्यावरची दोरी

चामोर्शीच्या बाजाराला मी दर आठवड्याला ज्या बसनं जातो, तिला जंगलातल्या तपासणी नाक्यावर थांबावं लागतं. तिथला माणूस ठेकेदाराचा. बाजूच्या टिनाच्या खोलीत एकटाच राहतो. बाजाराच्या दिवशी मात्र खाकी शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून, केसांना तेल चोपडून उभा असतो.

रस्त्यावरच्या आडव्या बांबूची दोरी सोडायला हा गडी इतका वेळ लावायचा, की माझं डोकं फिरायचं. दोन बोटांनी गाठ चाचपायची, तशीच सोडून द्यायची आणि बसच्या खिडक्यांखालून फिरायचं. ड्रायव्हर मुकाट्यानं इंजिन बंद करायचा.

एकदा माझ्या पुढच्या खिडकीतून एका बाईनं त्याला डबा दिला, मागच्या आठवड्याचा रिकामा घेतला.

"घरी कवा येता?" तिनं विचारलं.

"सुट्टी मांगतली का ठेकेदार म्हणते, मंग येऊच नोको. बदली माणूस देत नाई. ते जाऊ दे, भाजी कायची आणली?"

ती त्याची बायको. कोणी न दिलेली आठवड्याची सुट्टी तो त्या दोरीतून काढून घेत होता. त्यानंतर मी घड्याळ पाहणं सोडलं.

गेल्या बाजारी ती बसमध्ये नव्हती. घासलेला रिकामा डबा हातात घेऊन तो पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत गेला, तसाच परत आला. ड्रायव्हरनं सवयीनं इंजिन बंद केलं होतं.

दोरी एका हिसक्यात सुटली.